प्रभात फिल्म कंपनी: शांतारामबापूंच्या पलीकडचा कारखाना

रीळवेडा

प्रभातचा विषय निघाला की गाडी हमखास व्ही. शांतारामांवर येऊन थांबते. बापूंच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. पण प्रभातचे चित्रपट पुन्हा पुन्हा बघताना माझं एक मत पक्कं होत गेलंय, ते इथे मांडतो. या कंपनीचा पाया दिग्दर्शनाच्या आधी कारागिरीत घातला गेला. सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम हातात असलेल्या माणसांनी ती उभी केली, आणि आपल्या आठवणीत नेमकी तीच माणसं मागे पडली. दामलेमामा आणि साहेबमामा, म्हणजे विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, ही नावं आज किती जणांना चटकन सांगता येतील?

सुरुवात प्रभातच्याही आधीपासून करावी लागते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागल्यावर दोघांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, खेळ लावले, आणि खेळ लावता लावता यंत्र समजून घेतलं. पुढची उडी कॅमेऱ्याची. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच घडवायचा! त्याच खटपटीत १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पूर्ण केलं.

कॅमेरा घडवायचा म्हणजे नेमकं काय, यावर जरा थांबू. फिल्म सरळ धावत गेली तर चित्र पुसट येणार. ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे, झडप मिटली की आकड्यानं फिल्म बरोबर चार भोकं खाली ओढली पाहिजे आणि पुन्हा स्थिर केली पाहिजे. सेकंदाला सोळाएक वेळा हे घडायचं, तेही हातानं दांडा फिरवून. एखाद्या चक्राचा दाता केसभर चुकला तरी पडद्यावर सगळं थरथरणार. ही अचूकता त्या काळच्या कोल्हापुरात, कुठल्याही तांत्रिक शाळेचं तोंड न बघता, लेथवर साधली गेली.

त्या कॅमेऱ्यातून बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ निघाला. १९२० साली पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरची नजर वळली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं ते याच चित्रपटासाठी. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हेही विसरू नये. पुढे ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण झालं, आणि १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कथेवरून कर्जापायी जमीन गमावून गिरणीत जाणारा शेतकरी पडद्यावर आला. त्या तरुण शेतकऱ्याचं काम शांताराम वणकुद्रे नावाच्या पोरानं, म्हणजे पुढच्या व्ही. शांतारामांनी, केलं होतं. या मूकपटाची प्रत आज नाही. आपल्या चित्रपट-इतिहासातली ही हानी मला सगळ्यांत जास्त सलते.

बाबूरावांकडे प्रत्येकाला सगळं करावं लागे. नेपथ्य रंगवा, फिल्म धुवा, प्रकाश परतवायचे फळे धरा, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभे राहा. पेणचे दामले आणि कागलचे फत्तेलाल या तालमीत तयार झाले. केशवराव धायबर कॅमेरा शिकले. शांतारामबापू मावसभाऊ बाबूराव पेंढारकरांच्या ओळखीनं आले आणि पडेल ते काम करत वर चढले. १९२८ सालचा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल जोडीनं दिग्दर्शित केला होता. म्हणजे ‘तुकाराम’च्या आठ वर्षं आधी ही जोडी दिग्दर्शक होती.

१९२९ साली हे चौघे बाहेर पडले. सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन पाचवे भागीदार झाले, आणि १ जूनला कोल्हापुरातच प्रभात सुरू झाली. पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’. मग ‘खुनी खंजर’, ‘उदयकाल’ वगैरे. ‘उदयकाल’चं मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला खपला नाही, नाव बदलावं लागलं. त्यात शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः शांतारामबापू होते.

बोलपट आला तेव्हा या कंपनीचा कस लागला. ध्वनिमुद्रण कोणालाच येत नव्हतं. ते दामलेमामांनी अंगावर घेतलं, शिकून घेतलं. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पहिला मराठी बोलपट, आणि हिंदी आवृत्तीही सोबतच तयार. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि संगीतकारही तेच, दुर्गा खोटे तारामती. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट नष्ट झाला, त्यामुळे आज बघायला मिळणारा सर्वांत जुना भारतीय बोलपट म्हणून ‘अयोध्येचा राजा’कडेच बोट दाखवलं जातं.

१९३३ साली ‘सैरंध्री’ पुन्हा केला, या वेळी रंगीत. प्रतींचं काम जर्मनीत झालं, पण रंग मनासारखे उठले नाहीत आणि मोठा फटका बसला. त्याच सुमारास कंपनी पुण्यात एरंडवण्याच्या माळावर आली. तिथला स्टुडिओ म्हणजे चित्रीकरणाचे भव्य मंडप, रसायनशाळा, संकलन, कपडेपट, सुतारशाळा, रंगशाळा, कृत्रिम तळं, प्राणीसुद्धा पाळलेले. सगळे मासिक पगारावर. पुण्यातला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’. चंद्रमोहनचा तो पडदाभर पसरलेला डोळा ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत.

आता ‘संत तुकाराम’ (१९३६). दिग्दर्शन दामले-फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकर, छायाचित्रण व्ही. अवधूत, संगीत केशवराव भोळे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली.

त्याची सुरुवातच बघा. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ म्हणतायत. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. चाल साधी, आवाज घरगुती. लगेच पुढे तोच अभंग तुकोबांचा दुस्वास करणारा सालोमालो देवळात म्हणतो, हरकती, मुरक्या, हातवारे सगळं लावून, आणि शेवटी नाममुद्रा आपली घालतो. एकही संवाद न घालता या दोन गाण्यांत दोन माणसं उभी राहिली. आणि मग जिजाई. तिचं काम करणारी गौरी ही काही नाटकातली नटी नव्हती, कंपनीत लहानसहान कामं करता करता ती कॅमेऱ्यासमोर आली. पोर आजारी पडल्यावर संतापानं देवळात घुसून विठोबावर वहाण उगारणारी तिची जिजाई बघितली की वाटतं, ही बाई आपल्या गल्लीत राहते. तुकोबांना डोंगरावर भाकरी घेऊन जाणारीही तीच. भक्ताच्या गोष्टीत संसाराची बाजू इतक्या न्यायानं मांडलेली मला दुसरीकडे दिसली नाही.

चमत्कारही कारागिरांचे आहेत. शिवाजी महाराजांना पकडायला शत्रू कीर्तनात शिरतो, तर बसलेला जो तो शिवाजीच. इंद्रायणीतून वर आलेली गाथा, शेवटी गरुडाचं विमान. हे सगळं स्टुडिओच्या आवारात, स्वतः घडवलेल्या साधनांवर केलंय.

माझं म्हणणं एवढंच, की प्रभातचा इतिहास एका दिग्दर्शकाच्या चरित्राचा भाग म्हणून लिहिला जातो, तो कारखान्याचा म्हणून लिहायला हवा. तुमच्याकडे जे असेल ते इथे टाका. कोल्हापूरकरांची विशेष वाट बघतोय.

रंकाळाकाठचा

हाक मारलीत, आलो. कॅमेऱ्याच्या भागासाठी मनापासून धन्यवाद. आमच्याकडे खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज हजारो लोक त्याच्या बाजूनं जातात. तो काय म्हणून उभा आहे हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

एक भर घालतो. हे सगळं कोल्हापुरातच का झालं? शाहू महाराजांच्या काळात इथे चित्रकार, शिल्पकार, गवई, मल्ल, नाटकवाले सगळ्यांना आसरा होता. पडदे रंगवणाऱ्यांची पिढी होती, लोहार-सुतार-सोनार पेठेपेठेत होते. बाबूराव स्वतः मेस्त्री घराण्यातले, ‘पेंटर’ हे नाव धंद्यानं चिकटलं. चित्रपटाची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे, आणि तीही अशी की लोक उभं राहून बघायचे. कंपनीच्या सुरुवातीला पैशाची नड होती तेव्हा तानीबाई कागलकर या गायिकेनं मदत केली. दरबाराचं नाव सगळे घेतात, या बाईंचं कुणी घेत नाही. म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि प्रभात पुण्याला गेली म्हणून इथलं दुकान बंद झालं नाही. कोल्हापूर सिनेटोन झाली, शालिनी सिनेटोन झाली, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ पुढे कितीतरी वर्षं चालवला. तुमच्या धाग्यात कोल्हापूर फक्त उगमापुरतं येऊ नये, एवढीच विनंती.

मृण्मयी_ठाणे

रीळवेडा, लेख आवडला, पण मुख्य मुद्दा मला पटलेला नाही. कारखाना कितीही उत्तम असला तरी काय सांगायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही तीन नावं घ्या. १९३७, १९३९, १९४१. पाच वर्षांत जरठ-कुमारी विवाह, वेश्येचं माणूसपण आणि हिंदू-मुसलमान प्रश्न, तिन्हीवर असे चित्रपट देणारा दिग्दर्शक तेव्हा देशात दुसरा कोण होता? ते धाडस शांतारामांचं होतं.

‘कुंकू’बद्दल तपशिलात लिहिते, कारण आवाजाचा मुद्दा तुम्ही काढलात. त्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगाला धरून, आणि त्यांना साथही जे त्या घरात वाजू शकेल त्याचीच. बाकी सगळे खरे आवाज. काकासाहेब म्हणजे नायिकेचा म्हातारा नवरा, त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवा. काकासाहेब झालेले केशवराव दाते बसलेत, घड्याळ चाललंय, आणि त्या टिकटिकीतून म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य आपल्याला ऐकू येतं. १९३७ साली बाकीचे चित्रपट गाण्यावर गाणी ओतत असताना संगीत काढून घ्यायचा निर्णय घ्यायला छाती लागते. शांता आपटेंची नीरा तर आजच्या मालिकांतल्या नायिकांपेक्षा कितीतरी पुढची आहे. नवरा म्हणून लादलेल्या माणसाला ती नाकारते, आणि सासरी राहून, ताठ मानेनं नाकारते. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून हे घेतलं, पण पडद्यावर त्याला धार बापूंनी दिली.

‘शेजारी’त मिर्झाचं काम गजानन जागीरदारांनी केलं, आणि हिंदी ‘पडोसी’त हिंदू शेजाऱ्याचं मजहर खाननं. हिंदू नट मुसलमान झाला, मुसलमान नट हिंदू. १९४१ सालात, पाकिस्तानचा ठराव होऊन वर्ष झालेलं असताना!

रीळवेडा

मृण्मयीताई, ‘कुंकू’बद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला शब्दन्‌शब्द मान्य. घड्याळाचं तर फारच नेमकं. पण बघा, ती टिकटिक ध्वनिपट्टीवर स्वच्छ उमटली, बाकी घर शांत राहिलं, यामागे ध्वनिमुद्रणावर पाच वर्षं घासलेला विभाग आहे. बापूंना असा निर्णय घेता आला कारण तो पार पाडू शकणारी माणसं आवारात होती. ‘शेजारी’तलं धरण फुटतं तो प्रसंग घ्या. विश्राम बेडेकरांनी तो लिहिला, बापूंनी मागितला, पण उभा केला आणि फोडला तो कारागिरांनीच.

आणि तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: तुकाराम, ज्ञानेश्वर, गोपाळकृष्ण यांचं देहू-आळंदी-गोकुळ उभं करणारा माणूस शेख फत्तेलाल होता. देवळातली समई कुठे असते, उंबऱ्याला काय असतं, वारकऱ्याच्या घरची भिंत कशी पोपडे धरते, हे साहेबमामांना विचारावं लागत नव्हतं. तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही वाटलंही नसावं.

जुना फर्ग्युसोनियन

माझं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला ‘तुकाराम’ म्हणजे पागनीसच. खेड्यापाड्यातून बैलगाड्या करून लोक यायचे, चपला बाहेर काढून आत बसायचे, हे वडिलांकडून ऐकलेलं. पागनीस मूळ स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांना तुकोबांसाठी घ्यावं की नाही यावर कंपनीत बरीच भवती न भवती झाली होती. दामले-फत्तेलाल अडून बसले नसते तर आपण कुठला तरी वेगळाच तुकाराम पाहिला असता. या बाबतीत धागाकर्त्यांच्या बाजूनं माझं मत.

‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवल्यांचं गीत. ते इतकं मुरलेलं आहे की भल्याभल्यांनी ते तुकोबांचा अभंग समजून गाथेत शोधलं. केशवराव भोळ्यांची चालही तशीच, भजनी मंडळात सहज बसणारी. आमच्याकडे एकादशीला आजही म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते सिनेमातलं आहे हे माहीत नसतं.

बालगंधर्वांचा ‘धर्मात्मा’ राहिला. १९३५, एकनाथ महाराजांवर. त्याचं नाव आधी ‘महात्मा’ होतं, तेही सरकारनं बदलायला लावलं. रंगभूमीवर उभा जन्म स्त्रीवेशात काढलेले नारायणराव तिथे पुरुषवेशात आहेत. चित्रपट म्हणून तो ‘तुकाराम’च्या जवळपास येत नाही, पण एकनाथ महार वस्तीत जेवायला जातात तो प्रसंग जरूर बघावा.

अप्पा बळवंत चौकातलं प्रभात टॉकीज हे पुणेकरांच्या तीन पिढ्यांचं थिएटर. जागा किबे यांची. २०१४ च्या शेवटी प्रभात हे नाव उतरलं.

बेळगावी कुंदा

‘माणूस’मधल्या मैनेबद्दल कुणीच लिहिलं नाही? शांता हुबळीकर आमच्या भागातल्या. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणं एका मुजऱ्यात वेगवेगळ्या भाषांची कडवी घेत जातं, कारण समोर गिऱ्हाईकं सगळ्या मुलखांतली. शाहू मोडकांचा गणपत हवालदार तिला सुधारायला निघतो आणि हळूहळू ती त्याच्यापेक्षा मोठी होत जाते. गणपत आपल्या आईसमोर तिला आणतो तेव्हाचा तिचा अवघडलेपणा बघा, ती नजर वर करत नाही. मास्टर कृष्णरावांचं संगीत.

पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं. कारखाना, पगार, शिस्त हे सगळं छान वाटतं. १९३९ साली शांता आपटेंनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. पगार आणि करार यावरून. ‘कुंकू’ची नायिका, देशभर नाव झालेलं, आणि ती आपल्याच कंपनीच्या दारात बसते. पुढे त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तकही लिहिलं. पडद्यावर नीरा लग्नाचा करार मोडायला बघते आणि पडद्यामागे नटीला नोकरीचा करार सोडवत नाही. बाईला पडद्यावर दिलेली किंमत कंपनीच्या हिशोबाच्या वहीत दिली जात होती का, हा प्रश्न कारखान्याच्या इतिहासात आला पाहिजे.

मृण्मयी_ठाणे

कुंदाताई, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. याच धर्तीवर आणखी एक. भागीदारांनी कंपनीतल्या नटींशी संबंध ठेवायचे नाहीत असा प्रभातमध्ये नियम होता. धायबरांनी नलिनी तर्खडांशी लग्न केलं आणि ते कंपनीबाहेर गेले. शिस्त म्हणून हे सांगितलं जातं, पण त्यातली नलिनीबाईंची बाजू कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. ‘अमृतमंथन’ची राणी होत्या त्या, काही साधीसुधी नटी नव्हे.

आणि दुर्गा खोटे. लाडांच्या घरची शिकलेली मुलगी सिनेमात आली यानं त्या काळी केवढी खळबळ झाली असेल! ‘अयोध्येचा राजा’ चालला नसता तर पुढच्या कित्येक मुलींची दारं बंद राहिली असती.

मंडपातला

मी चित्रपट संस्थेत शिकलो, म्हणजे प्रभातच्याच आवारात. १९६० साली केंद्र सरकारनं ही संस्था तिथे काढली. प्रभातचा मोठा मंडप अजून वापरात आहे. वर बघितलं की लाकडी फळ्या, दोरखंड बांधायचे आकडे, दिवे टांगायच्या जागा दिसतात. इतका मोठा बांधीव अवकाश मधे एकही खांब न घेता उभा केलाय, आणि आत बोललेलं घुमत नाही. नवीन मुलांना आम्ही मुद्दाम टाळी वाजवून दाखवायचो.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली वाईट. २००३ च्या जानेवारीत इथल्या फिल्म साठवायच्या कोठाराला आग लागली. जुनी फिल्म नायट्रेटची असते. ती एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही, कारण जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो. प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फिती त्यात गेल्या. आज आपण जे बघतो ते आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. दामले कुटुंबानं चित्रपटांचे हक्क पुन्हा मिळवून ते जपले, त्याचंही श्रेय मोठं आहे.

दुसरी: ‘तुकाराम’ला व्हेनिसला मिळालेलं प्रशस्तिपत्र कित्येक वर्षं हरवलेलं होतं. सत्तरच्या दशकात ते पुण्यात कचऱ्याच्या ढिगात एकाच्या नजरेला पडलं. तो पुढे छायाचित्रणकार झाला. त्यानं ते जपून ठेवलं आणि २००४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हवाली केलं. मला त्या माणसाचे उपकार वाटतात. आणि ते कचऱ्यात गेलंच कसं याचा रागही येतो.

रंकाळाकाठचा

कचऱ्यात?! वाचून सुन्न झालो. आमच्याकडे महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांचं तेच झालं असणार. सगळं जळून, विरघळून, नाहीतर चांदी काढायला विकून गेलं.

नवाश्रोता

दादा-ताई, धागा एका बैठकीत वाचला. मी विशीतला आहे, प्रभातचं फक्त तुतारी वाजवणाऱ्या बाईचं बोधचिन्ह माहीत होतं. दोन प्रश्न. इतकी भक्कम कंपनी बंद का पडली? आणि सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करू? देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री प्रभातमध्ये धोब्याकडे शर्टांची अदलाबदल झाल्यामुळे झाली हे खरं का?

रीळवेडा

शर्टाची गोष्ट स्वतः देव आनंद सांगायचे, तेव्हा खरी धरायला हरकत नाही. ‘हम एक हैं’ (१९४६) हा देव आनंदचा पहिला चित्रपट प्रभातचाच. गुरुदत्त तेव्हा तिथे नृत्यदिग्दर्शन आणि सहायकाचं काम करत होते. सुधीर फडक्यांनी चित्रपटाला पहिलं संगीत दिलं ते प्रभातच्याच ‘गोकुळ’ला. वसंत देसाई, राजा नेने, अनंत माने हे सगळे याच आवारात घडले. अनंत माने इथे संकलन शिकले आणि पुढे ‘सांगत्ये ऐका’ दिला. म्हणजे कंपनी मिटली तरी तिचे हात मराठी आणि हिंदी चित्रपटसृष्टीत पसरले.

बंद पडण्याचं एकच कारण नाही. १९४२ साली शांतारामबापू बाहेर पडले आणि मुंबईत परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ उभारला. भागीदारांतली धुसफूस आधीपासून होती. मृण्मयीताई, इथे तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: ‘शेजारी’नंतर प्रभातकडे विषयाची ती धार फार कमी वेळा दिसते. ‘दहा वाजता’ चालला, ‘रामशास्त्री’ (१९४४) तर उत्तम आहे, ‘दोन घडीचा डाव’ आजही ओठावर येतं. पण तो चित्रपट कितीतरी हातांतून फिरून जागीरदारांच्या हातून पुरा झाला, आणि तेच कंपनीच्या तेव्हाच्या अवस्थेचं लक्षण होतं. १९४५ च्या जुलैत दामलेमामा गेले. कारखान्याचा कणाच गेला.

त्यात महायुद्ध. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिच्यावर नियंत्रण आलं, चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली, मग परवाने. त्याच काळात युद्धाचा काळा पैसा सिनेमात शिरला. हा पैसा घेऊन येणारा निर्माता स्टुडिओ भाड्यानं घ्यायचा आणि नटाला एका चित्रपटाचे इतके पैसे द्यायचा की मासिक पगारावरचा नट तिथे थांबेलच कशाला? प्रभातला मात्र चित्रपट चालू असो वा नसो, सुतारापासून संगीतकारापर्यंत सगळ्यांचा पगार दर महिन्याला करायचा. जी व्यवस्था तिचं बळ होती तीच या नव्या बाजारात जड झाली. न्यू थिएटर्स आणि बॉम्बे टॉकीज या तेव्हाच्या मोठ्या कंपन्यांचंही थोड्याफार फरकानं हेच झालं. पन्नासच्या दशकात प्रभातचा कारभार आटोपला.

कुंदाताईंचा प्रश्नही इथेच येतो. शांता आपटेंचं उपोषण ही या पगारी व्यवस्थेला पडलेली पहिली मोठी चीर होती, असं मला आता वाटायला लागलंय. नटीचं नाव वाढलं तरी तिचा पगार कंपनीच ठरवणार, हे फार काळ टिकणारं नव्हतंच.

कुठून सुरुवात करू म्हणालास, तर आधी ‘कुंकू’ बघ. आवाज चांगला येईल असं काहीतरी कानाला लावून बघ आणि घड्याळाकडे लक्ष ठेव. मग ‘तुकाराम’. त्यात पहिली वीस मिनिटं धीर धर, चाल संथ आहे, पण जिजाई आली की पकडून ठेवते. त्यानंतर ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ लागोपाठ. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालते तो प्रसंग आला की थांबवून पुन्हा बघ, भिंत, माणसं आणि मागचं आभाळ यांचा वेग वेगवेगळा तपासून बघ. ‘अयोध्येचा राजा’ शेवटी ठेव, कारण तोवर तुझा कान आणि डोळा तयार झालेला असेल. यूट्यूबवर यातले बरेचसे आहेत, पण प्रती डाव्या-उजव्या आहेत. संग्रहालयाचा किंवा एखाद्या फिल्म सोसायटीचा खेळ मिळाला तर मोठ्या पडद्यावरच गाठ.

मंडपातले, तुम्ही मंडपाच्या छताबद्दल आणखी लिहाल का? आवाज घुमू नये म्हणून आतून काय अस्तर लावलं होतं, ते बदललंय की मूळचंच आहे, हे माहीत असेल तर हवं आहे.

मंडपातला

लिहितो. जुन्या सुतारकाम विभागातल्या एका निवृत्त गृहस्थांना आधी विचारून घेतो, त्यांना त्यातलं सगळं पाठ आहे. तोवर रंकाळाकाठचे, तुम्ही जयप्रभावर नवा धागा काढाच.

रंकाळाकाठचा

काढतो. पण सुरुवात तानीबाईंपासून करणार.